अँटिव्हायरस आहे की वसुलीवाला?

व्हायरस परवडला. तो निदान गुपचूप एका कोपऱ्यात बसतो. ऐन वीस तारखेच्या संध्याकाळी स्क्रीनवर येऊन "तुमचा संगणक धोक्यात आहे, ऑफरचे काहीच तास उरलेत" म्हणून बोंबलत नाही.

नागपुरात, गांधीबागेत आमचं अकाउंटचं ऑफिस आहे. कापडवाले, मस्कासाथचे किराणावाले, एकदोन ट्रान्सपोर्टवाले, यांची टॅली, जीएसटी, टीडीएस, यावर आमचं पोट. ज्यानं हे काम केलंय त्याला वीस तारीख म्हणजे काय ते सांगायला नको. थ्रीबीची, म्हणजे जीएसटीच्या महिन्याच्या रिटर्नची, शेवटची तारीख, पोर्टलवर झुंबड, पान उघडता उघडत नाही आणि तिकडून शेठजी फोनवर, "भाऊ, झालं का? लेट फी लागन ना!" अशात कसाबसा ओटीपी येतो. तो टाकायला कर्सर नेला की उजव्या कोपऱ्यातून हा महाशय वर सरकतो आणि नेमका ओटीपीचा चौकोन झाकून बसतो.

ती खिडकी एकदा नीट पाहाच. मधोमध हिरवंगार ढब्बू बटण, "आत्ताच सुरक्षित व्हा". त्याच्याखाली पांढऱ्यावर फिकट राखाडी, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही अशी ओळ, "नको, मी धोका पत्करतो". म्हणजे नाही म्हणायचं तर आधी मूर्ख असल्याची कबुली द्या. फुली कुठाय? फुली सुरुवातीला दिसतच नाही. जरा वेळानं उगवते, तीही इतकी बारीक की हात किंचित घसरला तर क्लिक बटणावर. लगेच ब्राउझरमध्ये पैसे भरायचं पान. तोवर इकडे ओटीपीची वेळ संपलेली, पोर्टलनं लॉगआउट करून बाहेर फेकलेलं.

आणि हा काही फुकटातला नाही. पैसे मोजलेत याचे. लायसन्स मार्चपर्यंत चालू आहे, तसं तो स्वतःच सांगतो, हिरव्या अक्षरात. मग धोक्यात कोण आहे बाप्पा?

नाव घेत नाही. ज्यांच्याकडे हाच आहे त्यांनी एव्हाना ओळखलं असेल, आणि ज्यांच्याकडे दुसरा आहे त्यांनाही ही आपलीच गोष्ट वाटेल.

चीड जास्त यासाठी येते की याच पठ्ठ्याची मी कधीकाळी जाहिरात करत फिरलोय, तीही एक पैसा न घेता. २००८-०९ चा काळ आठवा. विंडोज एक्सपी होतं, पेनड्राइव्ह होते आणि प्रत्येक कॉलेजसमोर एक झेरॉक्सचं दुकान होतं. त्या दुकानातल्या मशीनला पेनड्राइव्ह लावून आणला की आत 'न्यू फोल्डर' हमखास. दिसायला फोल्डर, पण शेपूट डॉट ईएक्सईचं, म्हणजे खरा तो प्रोग्राम, आणि एक्सपी ते शेपूट दाखवायचंच नाही. माणूस भाबडेपणानं डबल क्लिक करायचा. झालं, टास्क मॅनेजर बंद, फोल्डर ऑप्शन गायब, आणि प्रत्येक फोल्डरच्या आत त्याच नावाचं आणखी एक पिल्लू. ऑटोरनवाल्यांना तर क्लिकचीही गरज नसायची, पेनड्राइव्ह लावला की घरात.

तेव्हा हा कामाचा होता. बर्डीच्या बाजारातून, मोदी नंबर दोनमधून डबा आणायचा, आत सीडी, कार्डावर खरवडून काढायचा नंबर. ऑफिसात नेट धड नव्हतं, मग अपडेटची फाइल सायबर कॅफेतून आणून टाकायची. ५१२ एमबी रॅमच्या मशीनवर हाही चालायचा आणि टॅलीही, दोन्ही एकाच वेळी! पेनड्राइव्ह लावला की स्वतःहून तपासायचा, सापडलं की सांगायचा, साफ करायचा आणि गप्प बसायचा. तोंड उघडायचा ते वर्षाकाठी एकदा, लायसन्स संपत आलं की. व्यापारी लोक विचारायचे, "कोणता टाकू भाऊ?" मी डोळे मिटून याचं नाव घ्यायचो.

आता उघडा. 'हजारावर समस्या सापडल्या', लाल अक्षरात. छातीत धस्स. तपशील पाहावा तर ब्राउझरच्या कुकीज आणि टेंपररी फाइली. याला समस्या म्हणतात? मग दुसरी पट्टी, 'तुमचा आयपी पत्ता दिसतोय'. अरे, दिसणारच ना! पत्ता दिसल्याशिवाय समोरचा सर्व्हर पान कुठे पाठवणार? पण बटण दाबलं की व्हीपीएन, म्हणजे तो पत्ता लपवायची सोय, विकायला काढतात. त्याच्याखाली जुने ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर वगैरे चालवणारी सॉफ्टवेअर, त्याचे वेगळे पैसे. त्याच्याखाली 'संगणक मंदावलाय', त्याचे वेगळे. संगणक मंदावलाय हे खरं आहे, पण कोणामुळं ते टास्क मॅनेजरमध्ये पाहा. याच्याच नावाच्या सहा-सात प्रोसेस पहिल्या रांगेत पंगतीला बसलेल्या असतात.

हे असं काहून झालं, याचं उत्तर अवघड नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनं अपडेटमधून एक्सपी आणि व्हिस्टावरही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं. पेनड्राइव्हवाल्या अर्ध्या व्हायरसांचं पोटच गेलं. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टचाच डिफेंडर हा पुरता अँटिव्हायरस म्हणून आतच बसून आला, २०१५ मध्ये विंडोज १० आलं तेव्हाही तो होताच, आणि हळूहळू चांगला सुधारला. म्हणजे जी गोष्ट हे लोक डब्यात घालून विकत होते ती ग्राहकाला मशीनसोबत फुकट मिळायला लागली. आता विकायचं काय? भीती. ती कधी संपत नाही आणि तिला रोज अपडेटही लागत नाही.

कोणी म्हणेल, पण तो व्हायरस तर पकडतो ना अजून? पकडतो. तिथं मी खोटं बोलणार नाही. जर्मनीतली एव्ही-टेस्ट नावाची प्रयोगशाळा गुण देते, संरक्षणाला ६, वेगाला ६, वापरसुलभतेला ६, एकूण १८. नावाजलेले बहुतेक सगळे त्यात वरच्या गुणांनी पास होतात. पण ती 'वापरसुलभता' काय मोजते ठाऊक आहे? चांगल्या फाइलला उगाच चोर म्हटलं का, एवढंच. दिवसातून किती वेळा तोंडावर येऊन पैसे मागितले, त्याचे गुण कोणी कापत नाही. इंजिन शाबूत आहे म्हणून गाडी चांगली म्हणायची, आणि ड्रायव्हर दर चौकात गाडी थांबवून घड्याळं विकतोय त्याचं काय?

आणि तो उगाच चोर म्हणण्याचा भागही आम्हाला चुकलेला नाही. जुलै महिना, टीडीएसचं रिटर्न, ३१ तारीख तोंडावर. डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, डोंगल लावला, पासवर्ड टाकला, सही काही होईना. डोंगल या पोर्टमधून त्या पोर्टमध्ये, ड्रायव्हर काढला, परत टाकला, जावा तपासलं. आमच्याकडचा पोरगा घामाघूम, कूलर सुरू असूनही. शेवटी कळलं की सही करायचं जे छोटं सॉफ्टवेअर असतं ते यानं 'संशयास्पद' म्हणून उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे कोठडीत, टाकलंय. कधी टाकलं? सकाळी. सांगितलं का? नाही! ऑफर सांगायला तोंड होतं, हे सांगायला नव्हतं. अशा चुका पूर्वीही व्हायच्या म्हणा. एप्रिल २०१० मध्ये मॅकॅफीच्या एका अपडेटनं एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवली होती आणि जगभरातल्या मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसल्या होत्या. चूक समजू शकतो. पण काम करताना गप्प आणि वसुलीला हजर, हे नाही समजत.

बरं, एक सोडून दुसरा धरावा तर तिथं काय वेगळं आहे? २०१६ मध्ये अवास्टनं एव्हीजी विकत घेतला. अविरा नॉर्टनवाल्यांनी घेतला. २०२२ मध्ये नॉर्टन आणि अवास्ट एक झाले आणि नाव ठेवलं जेन डिजिटल. म्हणजे बर्डीवरच्या दुकानात चार रंगांचे चार डबे मांडलेले दिसतात, नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा, आणि गल्ला एकाच घरी जातो. त्यातल्या नॉर्टननं २०२१ मध्ये आपल्या पॅकेजमध्ये इथेरियम हे आभासी चलन खोदायची, म्हणजे संगणक राबवून मिळवायची, सोय घातली होती. चालू करणं ग्राहकाच्या हाती होतं, पण वीज ग्राहकाची, ग्राफिक कार्ड ग्राहकाचं, आणि निघेल त्यातले १५ टक्के कंपनीचे! नागपूरच्या मे महिन्यात कोणाच्या मशीनवर हे चालवून पाहावं, म्हणजे कळेल. अवास्टचं तर याहून भारी. लोक कोणत्या साइटवर जातात त्याची माहिती जंपशॉट नावाच्या आपल्याच कंपनीमार्फत विकत होते. बोभाटा झाल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद केलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. पाळत ठेवणाऱ्यांपासून वाचवतो म्हणून घरात घेतलेला माणूस!

पण माझं डोकं खरं फिरलं ते आमच्या मोठ्या काकांमुळं. इथंच महाल भागात राहतात, पंच्याहत्तरी ओलांडलेली, दिवसभर लॅपटॉपवर पंचांग आणि भजनं. त्यांचा फोन आला, "बाबू, लाल आलं रे हे. पाच व्हायरस म्हणते. पैसे भरू का?" गेलो. पाहतो तर कुठल्याशा साइटवर 'अलाऊ' दाबलं गेलं होतं आणि तिथून ब्राउझरच्या नोटिफिकेशन येत होत्या. अँटिव्हायरसचा लोगो जसाच्या तसा, 'तुमचं सबस्क्रिप्शन संपलं', खाली उलटे पळणारे मिनिटं-सेकंद, बटण दाबलं की भलत्याच कोणाचं पान. शंभर टक्के लबाडी. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद केल्या. काकांना समजावत होतो की हे खोटं आहे, असं काही आलं तर दाबायचं नाही, तेवढ्यात त्याच कोपऱ्यातून खरा आला. तोच लाल रंग, तेच पळणारं घड्याळ, तेच "आत्ताच". काकांनी एकदा स्क्रीनकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "मग खरा कोणता बे?"

सांगा, काय उत्तर देणार? लबाडांनी खऱ्याची नक्कल केली इथवर ठीक. पण खऱ्यानं स्वतः इतकं लबाडासारखं बोलायला सुरुवात केली की म्हाताऱ्या माणसानं फरक कशावरून करावा? वीस वर्षं आपण घरोघरी सांगितलं की घाई करायला लावणाऱ्या खिडकीवर क्लिक करू नका. आणि आता सगळ्यात जास्त घाई हाच करून राहिला.

सरकारनं यावर काही केलं नाही असंही नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली, १३ प्रकार दिलेत. खोटी घाई करणं, नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी भाषा वापरणं, सारखं टुमणं लावणं, सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडू न देणं, हे सगळं त्यात आहे. संगणकात व्हायरस आहे असं भासवून बनावट सफाईचं सॉफ्टवेअर गळ्यात मारणं हाही त्यातला एक प्रकार. मी यादी वाचली आणि आमच्या ऑफिसातली ती खिडकी शेजारी ठेवली. परीक्षेत इतके प्रश्न आले असते तर बरं झालं असतं.

रिन्यूअलचं तर विचारू नका. जुन्या ग्राहकाला आत जो भाव दाखवतात, त्याच्या जवळपास निम्म्यात बर्डीवर नवा डबा मिळतो. म्हणजे जितका जुना, तितका जास्त गंडवायचा. ऑटो रिन्यूअलची टिक आधीच मारून ठेवलेली असते. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापायच्या २४ तास आधी कळवणं सक्तीचं केलं म्हणून बँकेचा मेसेज येतो तरी, नाहीतर आपल्याला पत्ताच लागला नसता.

शेवटी काढून टाकायला घेतला. अनइन्स्टॉल दाबलं की आधी "खरंच जायचंय?", मग कारण निवडा, मग नवी ऑफर, मग रीस्टार्ट. इतकं होऊनही याची एक सर्व्हिस आत चालूच. ती काढायला कंपनीच्या साइटवरून त्यांचंच वेगळं सफाईचं टूल उतरवावं लागतं. न्यू फोल्डरवालाही इतका चिवट नव्हता.

आता मशीनवर डिफेंडर आहे. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतो आणि डिस्क काढून कपाटात ठेवतो, कारण रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलाच तर जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाही. शेठजींना कळवलंय, पेनड्राइव्ह नको, पावत्या मेल करा. उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील का म्हणून कंपनीच्या चॅटवर विचारलं. बराच वेळ तीन टिंबं नाचली आणि उत्तर आलं की आपल्यासारख्या जुन्या ग्राहकांसाठी व्हीपीएनवर खास सवलत आहे, आजचाच दिवस.