ती पांढरी वायर का कापता रे?

गाडीतून ट्रेलरच्या दिव्यांना करंट देणारा सात पिनांचा प्लग जोडायला अख्ख्या इंदुरात धड माणूस मिळू नये? सियागंजात विचारा, देवास नाक्याला विचारा, उत्तर एकच: "भिया, बत्ती जल री हे ना? बस!" अरे, जळतेय, पण कुठली जळतेय ते बघशील की नाही?

जनरेटरचा ट्रेलर आहे आमचा. लग्नसराईत भर रात्री बायपासवरून ओढावा लागतो. ब्रेक दाबला की दोन्ही इंडिकेटर मिणमिणतात. डावा इंडिकेटर दिला की टेललाइटही त्याच्या तालावर उघडझाप करते. मागच्या ट्रकवाल्याने समजायचं काय, कप्पाळ? आणि आमचे वायरमन महाशय म्हणतात बल्ब बदला. बदलले. मग म्हणे फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, बदला. अहो, अर्थिंगच नाहीये! ब्रेकच्या बल्बातून आलेल्या करंटला परतीची वाट नाही, म्हणून तो इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटा घुसतो आणि तिकडून गाडी गाठतो. यात बल्बने काय घोडं मारलं?

शेवटी मीच प्लग खोलला. तीन नंबरची पिन रिकामी! अर्थिंगची पांढरी वायर मुळापासून छाटलेली, वर काळी टेप. का, तर "बॉडी से अर्थ मिल जाता हे." बॉडी म्हणजे गाडीमागचा, ट्रेलर अडकवायच्या हुकाचा गोळा. त्यावर बोटभर ग्रीस, ग्रीसखाली गंज. कधी टेकतो, कधी नाही. स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढणाऱ्या गावात एक जोड घासून साफ करायला कुणाला हात नाहीत.

रंगांचं सांगतात, "सबका अलग आता हे." येतं ना! युरोपात चालणाऱ्या आयएसओ 1724 या प्लगच्या मानकात पिवळी म्हणजे डावा इंडिकेटर, लाल म्हणजे ब्रेक, तपकिरी उजवी टेललाइट, काळी डावी. अमेरिकी चार पिनांच्या चपट्या प्लगात डावा इंडिकेटर आणि डावा ब्रेक दोन्ही एकाच पिवळीवर, आणि तपकिरीवर सगळ्या टेललाइट. हा घोळ होऊ शकतो, मान्य. पण पांढरी दोन्हीकडे अर्थिंगच! दोन्ही पद्धतींचं जिच्यावर एकमत, नेमकी तीच कापायची?

बरं, प्लगचं तोंड सॉकेटच्या तोंडाच्या उलट असतं, समोरून मोजलं की डावं-उजवं फिरतं. म्हणून तर पिनांचे नंबर त्यावरच कोरलेले असतात. पण टॉर्च मारून वाचेल कोण? अंदाजपंचे खुपसायच्या.

तीन नंबरच्या पिनेपासून ट्रेलरच्या चेसिसपर्यंत एक जाड वायर, बोल्टखालचा रंग खरवडून घट्ट आवळलेली. बस, एवढंच काम होतं. ते सोडून सगळं केलं, आणि आता बिलात बल्ब वेगळे, फ्लॅशर वेगळा, मजुरी वेगळी. मजुरी कसली, वायर कापायची? छदाम देणार नाही!