1972 ची पाटी आणि तुमची गळकी बेडरूम

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. पहिल्यांदा वाचून जे उत्तर टाइप केलं होतं ते डिलीट केलं कारण ते रागात होतं, हे दुसरं आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की मे अखेरीस ताबा दिला आणि जूनच्या दुसऱ्याच पावसात बेडरूमच्या कोपऱ्यातून पाणी टपकायला लागलं, रात्री पातेलं लावून झोपावं लागलं, साइटवर पाच फोन केले तर उत्तर एकच, पाऊस उघडला की बघू. आणि वर असंही की "1972 पासून" ही पाटी निव्वळ थाप आहे, कंपनी 2009 ची, तुम्ही ऑनलाइन चेक केलंय. शिवाय कंपाउंडच्या भिंतीला गेलेली भेग आणि पार्किंग, याही तक्रारी आहेत.

2009 चं बरोबर आहे. प्रायव्हेट लिमिटेड तेव्हाच झाली, ती पण बँकेने लोनसाठी सांगितलं म्हणून.

मग 72 कुठून आलं, तर आमचे आबा, म्हणजे आजोबा, अमळनेर तालुक्यातले गवंडी, धाब्याची घरं बांधायचे, मातीच्या जाड भिंती, वर लाकूड, त्यावर काड्या आणि मातीचा थर. 72 च्या दुष्काळात घर कोण बांधणार, मग गेले सरकारी रस्त्यावर खडी फोडायला. सुकडी आणि ती लाल मिलो ज्वारी खाऊन ते वर्ष काढलं असं सांगायचे, मिलोचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करायचे. लिहिता येत होतं म्हणून मुकादमाने हजेरी लिहायला बसवलं आणि दुष्काळ सरल्यावर त्यातलेच दहाबारा जण घेऊन आबांनी स्वतःची टोळी केली. कंपनी म्हणा की काय म्हणा, ती एवढीच. त्यांची हजेरीवही अजून ऑफिसात आहे, नावापुढे अंगठे, शाई पसरलेली, आणि आता खरं सांगायचं तर तिचं पहिलं पान 1974 चं आहे. पाटी रंगवताना पेंटरने साल विचारलं, वडील 72 बोलून गेले, तेच छापत आलो. म्हणजे थाप नाही पण दोन वर्षं फुगवलेली आहेत, आणि टोळीला कंपनी म्हटलंय.

वडिलांनी लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतले. सिमेंट तेव्हा परमिटवर, 1982 ला अर्धं कंट्रोल उठलं आणि 89 ला पूर्ण, त्याच्या आधी वीस गोण्यांसाठी तहसीलच्या चकरा मारायला लागायच्या, त्यामुळे आबा गोणी फोडली की पोरासारखी सांभाळायचे. 1998 ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे बांधकामं निघाली, वडील सबकॉन्ट्रॅक्टमध्ये शिरले, एक बिल तीन वर्षं अडकलं आणि आईच्या पाटल्या गेल्या. फ्लॅट बांधून विकायचं काम मी आल्यावरचं. सांगायचा मुद्दा हा की आबांनी आयुष्यात एकही फ्लॅट विकला नाही, त्यामुळे त्यांच्या सालावर मी फ्लॅट विकतो हे तुम्हाला खटकलं त्यात चूक नाही.

आता गळतीचं. मी स्वतः रविवारी टेरेसवर गेलो होतो, हातोडीच्या दांड्याने ठोकून बघितलं, तुमच्या बेडरूमच्या वर पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या कोपऱ्यात कोबा, म्हणजे पाणी अडवायला स्लॅबवर घातलेला सिमेंटचा थर, पोकळ वाजतोय आणि वाटा, म्हणजे कोबा आणि भिंतीच्या सांध्यातली सिमेंटची गोलाई, भिंतीपासून सुटलाय, नख जाईल एवढी फट. कारण मला माहितीये. कोबा झाला आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी, मिस्तरी आणि सगळी टोळी शिरपूर-शहादाकडची, ती आखाजीला घरी जाणारच, त्यांना कोण अडवणार. वाफे करून पाणी साठवून ठेवायचं होतं, ते राहिलं, वॉचमन सकाळी एकदा पाइप मारायचा आणि अकरापर्यंत सगळं कोरडं, त्या दिवसात जळगावला 44 डिग्री. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटला निदान दहा दिवस ओल लागते. "सिमिट पानी मांगस रे भो," आबा म्हणायचे, आणि आम्ही ताबा मेमध्ये द्यायचा कबूल केला होता म्हणून घाई केली. यात मिस्तरीची चूक नाही, माझी आहे.

फोनवर जे उत्तर मिळालं ते अर्धं खरं होतं, भर पावसात कोबा फोडला तर उलट जास्त पाणी शिरतं. पण ताडपत्री तर त्याच दिवशी टाकता आली असती ना. काल टाकलीय.

कंपाउंडच्या भिंतीची भेग मात्र मी मान्य करत नाही असं नाही, पण तिला कोब्याशी जोडू नका. ती काळी माती आहे, पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. बिल्डिंगचे कॉलम खाली मुरुमात नेलेत, कंपाउंडला तेवढं खोल कोणीच जात नाही, आम्हीही नाही गेलो. ती भरून देऊ, परत पडेल, परत भरू. पार्किंगचं म्हणाल तर नकाशात होतं तेवढंच आहे, तिथे मी वाद घालणार.

रेरा, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर कळवल्यापासून 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यामुळे हे उपकार नाहीत. सलग चारपाच दिवस उघडीप मिळाली की तो कोपरा फोडून कोबा आणि वाटा नवीन करतो, दहा दिवस पाण्याखाली ठेवतो, आणि तुमच्या छताचं पीओपी आणि रंगही आमच्याकडून. पाटीवरचं साल बदलायला पेंटरला सांगितलंय, वडील अजून ऐकत नाहीयेत.

काम झाल्यावर टेरेसवर तीन दिवस पाणी भरून टेस्ट घेऊ. चावी वॉचमनकडे ठेवली तरी चालेल पण पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः वर या, पाण्याच्या पातळीची खूण पॅरापेटवर पेन्सिलने तुमच्या हाताने करून घ्यायचीये.