संस्कृत येतं म्हणून जर्मन आपोआप येत नाही

दहावीचे निकाल लागले आणि घराघरात 'अकरावीला संस्कृत घेऊ का जर्मन' सुरू झालं की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जर्मन भाषा संस्कृतपासूनच निघाली, जर्मन पंडितांनी आपलं व्याकरण तिकडे नेलं, म्हणून तिथेही लांबलचक समास, विभक्ती आणि तीन लिंगं, शब्दसुद्धा तेच (अस्ति-इस्ट, द्वि-त्स्वाय, नाम-नामं), वाक्यात शब्द कुठेही ठेवा चालतं, आणि संस्कृत झालेल्या मुलाला जर्मन सहा महिन्यांत येतं. खाली हात जोडलेले तीन इमोजी. काकालोकांचा राग नाही, पण याच्यावर विसंबून पोरं विषय निवडतात म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी ते 'पंडितांनी नेलं'. जर्मनीत संस्कृतचं पहिलं प्राध्यापकपद निघालं १८१८ ला, बॉनला, ऑगस्ट विल्हेल्म श्लेगलसाठी. फ्रान्त्स बॉप या जर्मन भाषाअभ्यासकाने संस्कृत, ग्रीक, लॅटिन वगैरेंच्या क्रियापदांची तुलना छापली ती १८१६ ला. आणि जर्मनचे लिखित नमुने मिळतात आठव्या शतकापासून, विभक्ती आणि लिंगांसकट. तिची नातेवाईक गॉथिक, तिच्यातलं बायबलचं भाषांतर तर चौथ्या शतकातलं, आणि त्यात द्विवचनही आहे बरं का. जुन्या जर्मनमध्ये तृतीयेसारखी एक विभक्तीसुद्धा होती. आज ना द्विवचन उरलंय ना ती विभक्ती. म्हणजे आपलं व्याकरण तिकडे गेलं असतं तर १८१८ नंतर जर्मनचं व्याकरण वाढायला हवं होतं, ते तर हजार वर्षं आटतच आलंय. दोन्ही भाषा एका तिसऱ्या, त्याहून जुन्या भाषेतून आल्यात, एवढंच. कोणी कोणाची आई नाही.

शब्दांचं साम्य मात्र खरं आहे आणि फॉरवर्डवाल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त मजेशीर आहे. संस्कृत शब्दाच्या सुरुवातीला प असेल तिथे जर्मनमध्ये फ येतो: पितृ-फाटर, पंच-फ्युन्फ, पाद-फूस. द असेल तिथे त्स: द्वि-त्स्वाय, दश-त्सेन, दंत-त्सान (हा त्स म्हणजे आपल्या 'चोर'मधला च, हिंदीवाल्यांना इथे घाम फुटतो). आता इंग्लिश बघा, टू, टेन, टूथ. तिथे ट वरच थांबलंय, कारण ट चा त्स होणं ही नंतरची आणि जर्मनपुरती घडामोड. त्यानंतर उसन्या घेतलेल्या शब्दांचं असं होत नाही. जर्मनने संस्कृतकडून खरोखर घेतलेले शब्द कसे दिसतात? योगा, कार्मा, निर्वाना. असा कुठलाच बदल नाही, जसेच्या तसे.

समास. इथे सगळे तो गोमांसाच्या लेबलवरच्या देखरेखीचा कायदा काढतात, ६३ अक्षरांचा एकच शब्द, मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्याचा, १९९९ चा, २०१३ ला रद्द झाला. शेवटचं पद मुख्य, लिंगही त्याचंच, हे तत्पुरुषासारखं, कबूल. हाउस नपुंसक, ट्यूर म्हणजे दार स्त्रीलिंगी, तर हाउसट्यूर स्त्रीलिंगी. पण आपल्याकडेही राजवाडा 'तो' वाड्यामुळेच होतो, त्यासाठी संस्कृतला जायची गरज नाही. आणि पुढे गोष्ट वेगळी आहे. संस्कृत समासात संधी होतो, सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय. जर्मनमध्ये स्वर कधी असे मिसळत नाहीत, उलट पुष्कळदा मध्ये एखादा जोड घालतात. त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, त्यातला लेख त्साइटुंग्सआर्टिकेल. मधला हा स षष्ठीचा वाटतो ना? पण त्साइटुंग स्त्रीलिंगी आहे आणि स्त्रीलिंगी नामाला षष्ठीत स लागतच नाही! तो नुसता सांधा आहे. आणि आईबाप, रामलक्ष्मण असला द्वंद्व तर जर्मनमध्ये शोधूनच काढावा लागतो.

विभक्तींचं पटकन: संस्कृतात आठ, जर्मनमध्ये चार. संस्कृतात प्रत्यय नामाला लागतो, जर्मनमध्ये बहुतेक वेळा नाम ढिम्म आणि बदलतं ते पुढचं आर्टिकल: डेअर मान, डेन मान, डेम मान. संस्कृतात आर्टिकल नावाची वस्तूच नाही, मग 'देव' शब्द चालवून उपयोग काय. लिंगंही तीन असली तरी जुळत नाहीत, आपला सूर्य पुल्लिंगी आणि त्यांची झोनं स्त्रीलिंगी.

'शब्द कुठेही ठेवा' हे सगळ्यात घातक. साध्या जर्मन विधानात क्रियापद दुसऱ्या जागी म्हणजे दुसऱ्याच जागी. 'आज मी' असं सुरू केलं की मार्क गेले, 'आज जातो मी' म्हणावं लागतं. पण वाक्यात 'डास' म्हणजे 'की' आला की क्रियापद शेवटी पळतं, आणि इथे मराठी माणसाची चंगळ आहे. 'इश वाइस, डास एअर मॉर्गन नाख पुणे कॉम्ट': मला माहितीये की तो उद्या पुण्याला येतो. 'की'च्या पुढचं शब्दाला शब्द लावून बघा, एअर-तो, मॉर्गन-उद्या, कॉम्ट-येतो, क्रम सेम टू सेम, फक्त पुण्याला मधला 'ला' नाखच्या रूपाने पुढे बसलाय. इंग्लिश मीडियमची पोरं इथे इंग्लिशमधून विचार करतात म्हणून अडकतात, मराठीतून केला तर निम्मं काम होतं. संस्कृत पाठ असण्याशी याचा काही संबंध नाही.

गंमत म्हणजे एक खरंखुरं साम्य या फॉरवर्डने सोडूनच दिलंय. वैदिक संस्कृतात उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहू शकतो. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात 'उप त्वाग्ने' म्हणून उप सुरुवातीला येतो आणि त्याचं 'एमसि' पार ऋचेच्या शेवटी. जर्मनमध्ये उलटं, क्रियापद पुढे आणि उपसर्ग शेवटी: आनरूफन म्हणजे फोन करणं, पण 'इश रूफं डिश आन'. आणि सगळे उपसर्ग सुटत नाहीत. उमफारन एकाच स्पेलिंगची दोन क्रियापदं आहेत, जोर उम वर दिला तर तो सुटतो, फार वर दिला तर चिकटून राहतो. 'एअर फेअर्ट डेन बाउम उम' म्हणजे तो गाडीने झाड पाडतो, आणि 'एअर उमफेअर्ट डेन बाउम' म्हणजे झाडाला वळसा घालून जातो.