झोपाळ्यावरचा दीड सेंटिमीटर

वहिनीच्या डोहाळजेवणाचे फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकले. पहिला अभिप्राय आला, "नथ कुठून घेतली?" दुसराही नथीबद्दलच. मग तिच्या आठवीतल्या भाच्याने फोनवर काढलेला फोटो टाकला आणि सगळे बदाम तिकडे गेले.

फोटोग्राफर ठरवायची वेळ आली तेव्हा दादा "तू आहेसच की" म्हणाला होता. फुकटातला माणूस असा नेहमी "असतोच".

हॉलमध्ये उजेड यथातथाच. म्हणून मी माझी नवी लेन्स लावली. ५० मिलिमीटर, एफ ०.९५, चिनी. (हा एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त, पण फोकसमध्ये येणारा भाग तितका कमी.) कंपनीचं नाव सांगत नाही, सांगूनही तुम्हाला कळणार नाही. असल्या कंपन्या बऱ्याच आहेत: सेव्हन आर्टिसन्स, टीटीआर्टिसन, ब्राइटिन स्टार, मिताकॉन. मिररलेस कॅमेऱ्यांतून आतला आरसा गेला, लेन्स सेन्सरच्या, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चकतीच्या, जवळ आली, आणि कुठला भाग फोकसमध्ये आहे ते स्क्रीनवरच लाल कडांनी दिसायला लागलं. मग फोकस हाताने रिंग फिरवून करायचा; ना मोटर, ना चिप, नुसतं धातूचं नळकांडं आणि काच असलेली लेन्ससुद्धा चालते, आणि म्हणूनच ती परवडते. एफ १.८ च्या साडेतीनपट उजेड घेते. फक्त कॅमेऱ्याला ती दिसत नाही. मेन्यूत जाऊन 'लेन्स नसली तरी शटर पडू दे' अशी परवानगी द्यावी लागते. घरात माझंही साधारण असंच आहे.

आणि एक मीटरवरून फोटो काढला तर फोकसमध्ये येतो तो जेमतेम दीड सेंटिमीटर. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं लोण्यासारखं धूसर.

आता मला सांगा, फुलांचे दागिने घालून, हिरवी साडी नेसून बाई बसवायची कशावर? झोपाळ्यावर. तो स्थिर ठेवायचा? छे, बायका गाणी म्हणत झोके देणार. वहिनी अर्धा हात पुढे येते, अर्धा हात मागे जाते, मी रिंग फिरवतोय आणि स्क्रीनवरच्या लाल कडा गजऱ्यावरून कानावर, कानावरून मागच्या केळीच्या खांबावर पळतायत.

तेवढ्यात वहिनीचे काका आले. भूमिअभिलेखातून भूकरमापक म्हणून निवृत्त.

"पाहुणे, अंतर किती ठेवलंय?"

"साधारण एक मीटर."

"साधारण?" काकांनी हा शब्द असा उच्चारला की मी त्यांच्या हयातभराच्या नोकरीवर थुंकलोय. त्यांनी खिशातून स्टीलचा टेप काढला. डोहाळजेवणाला माणूस टेप घेऊन का येतो, हे विचारायचं राहूनच गेलं.

"कुठून धरू?"

कॅमेऱ्याच्या डोक्यावर गोलातून रेघ गेलेली एक खूण असते. सेन्सर तिथे असतो, अंतर तिथून मोजतात. मी सांगितलं आणि काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे हद्दीची निशाणी! आधी बोलायचं ना." त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं वहिनीच्या नाकापर्यंत नेलं. झोपाळ्याची कडी दुसऱ्या हाताने घट्ट धरली. गाणं थांबलं.

"एक मीटर सात सेंटिमीटर. तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

रिंगवर १.२ आणि १ यांच्या मधे कुठेतरी होतं. १.२ च्या जवळ.

"खोटं आहे."

"काका, हे आकडे अंदाजेच असतात."

"मग कोरले कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. निकॉनने २०१९ मध्ये ५८ मिलिमीटरची एफ ०.९५ काढली, दोन किलो वजनाची, कित्येक लाखांची, आणि तिचाही फोकस हातानेच फिरवावा लागतो, असं मी त्यांना वजन पडावं म्हणून सांगितलं. काका म्हणाले, "दोन किलोत मोटर बसली नाही?"

मग ते वहिनीकडे वळले. "पोरी, श्वास धर." ती बिचारी धरूही लागली. आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. "सातव्या महिन्यात श्वास काय धरायला लावताय? मोजणीला आलाय का?" काका शांतपणे म्हणाले, "हो." आत्याने कडी सोडवली, झोका सुटला आणि त्याच क्षणी मी शटर दाबलं. नथीचा मोती न् मोती मोजता येतो. डोळे मात्र धुक्यात, कारण डोळे नाकाच्या मागे असतात. देवाने चेहरा दीड सेंटिमीटरात बसवलेला नाही.

'मग एफ ४ ला का नाही काढलास?' असं आता शहाणे विचारतील. एफ ४ लाच काढायचे तर ०.९५ घेतली कशाला?

खरा राग मला वेगळ्याच लोकांचा येतो. व्हिडिओत बसून या लेन्स गळ्यात मारणाऱ्यांचा. दागिन्यांच्या कडांना जांभळी झालर आली की म्हणे 'कॅरेक्टर'. कोपरे विरघळले की 'व्हिंटेज'. फोकस हुकला की 'तुम्ही घाई करताय, फोटोग्राफी ही साधना आहे'. साधना करायला त्यांच्यासमोर पगारी मॉडेल खुर्चीत बसलेली असते, हलत नाही, भुकेली नसते, तिची आत्याही नसते. ज्याच्याकडे लाखभर रुपये आहेत त्याचा कॅमेरा स्वतः डोळा शोधतो. ज्याच्याकडे नाहीत त्याने साधना करायची. आणि फोन? भाच्याच्या फोटोत झोपाळ्याची एक अख्खी कडी फोनने स्वतःच केलेल्या बनावट धुरात नाहीशी झालीय, वहिनी अधांतरी तरंगतेय. कोणाला दिसलं नाही. मी झूम करून दाखवलं तर आई म्हणाली, "जळू नकोस."

बारशाला त्यांनी फोटोग्राफर ठरवलाय. तू दमतोस, असं कारण दिलं.

काकांचा मात्र फोन आला. रिंगचे बारीक स्क्रू ढिले करून आकडे जागेवर आणता येतात, हे त्यांनी शोधून काढलंय. पेचकस घेऊन येतो म्हणाले. शिवाय शेताच्या बांधाचे फोटो हवेत, शेजाऱ्याशी वाद आहे, तुमच्याशिवाय कोण काढणार. मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, बांध निदान हलत तरी नाही.

"कोण म्हणतं?" काका म्हणाले. "दर पावसाळ्यात हलतो."