स्वमग्न असल्याचे नातेवाइकांना कसे सांगावे

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी ऑटिझमचे निदान हाती पडल्यावर माणसाने सर्वप्रथम काय करावे, असे कोणी विचारल्यास मी सांगेन की, एखाद्या मुंजीला जावे. मी गेल्याच रविवारी गेले होते. सनई, ताशा, स्पीकरवरची मंगलाष्टके आणि तीनशे माणसांचे एकाच वेळचे बोलणे असह्य झाल्यावर मी मावशीला म्हटले की, मी वीस मिनिटे वधूपक्षाच्या रिकाम्या खोलीत बसून येते. तिने कारण विचारले आणि मी खरे कारण सांगितले. हा मूर्खपणा ज्यांना यापुढे करायचा आहे, त्यांच्यासाठी काही सूचना देत आहे.

शब्द विचारपूर्वक निवडावा. ‘ऑटिझम’ म्हटल्यास ते लहान मुलांना असते, असे उत्तर मिळते. जणू अठराव्या वाढदिवसाला ते केकबरोबर कापले जाते. ‘स्वमग्नता’ हा मराठी शब्द वापरल्यास गैरसमजाला वावच उरत नाही, कारण मावशी लगेच म्हणाली, “अगं, स्वतःतच मग्न तर तू लहानपणापासून आहेस, त्यासाठी डॉक्टर कशाला हवा?” निदान तिने अचूक केले होते, एवढे मान्य करावे लागेल.

मानसोपचारतज्ज्ञाच्या अहवालाच्या दहा झेरॉक्स प्रती पर्समध्ये बाळगाव्यात. हळदीकुंकवाच्या वाणाबरोबर एकेक देता येते.

लसीचा विषय निघाल्यास वाद घालू नये. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो १९९८ सालचा निबंध अवघ्या १२ मुलांवरचा होता आणि तो छापणाऱ्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला, हे सांगून काही उपयोग होत नाही. ती लस मी कधी घेतलेलीच नाही, हे सांगूनही झाला नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझमचा समावेश आहे, असे चुकूनही बोलू नये. पुढचा प्रश्न रेल्वेच्या तिकिटाचा असतो.

“तुझ्याकडे बघून अजिबात वाटत नाही हो,” असे कोणी म्हटल्यास मात्र विनयाने हात जोडावेत, कारण ही दाद आहे आणि ती तीस वर्षांच्या रियाजाला मिळालेली आहे. डोळ्यांत पाहवत नाही म्हणून समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध पाहायला मी सातवीत शिकले. फोन करण्यापूर्वी मी संभाषण कागदावर लिहून काढते. कोणत्या विनोदाला किती वेळ हसायचे, हे मी मैत्रिणींकडे पाहून पाठ केले आहे, आणि अशा एका समारंभानंतर दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहते, ते तुम्हाला दिसावे अशी सोयच नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमवरच्या पहिल्या गाजलेल्या निबंधात ज्या ११ मुलांचे वर्णन केले त्यांत ८ मुलगे होते, आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मुलग्यांना पाहूनच लक्षणे ठरत गेली. वर्गात कोपऱ्यात गप्प बसणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांत खुपणार? मुलगा बोलला नाही तर त्याला डॉक्टरकडे नेतात आणि मुलगी बोलली नाही तर प्रगतिपुस्तकावर ‘गुणी मुलगी’ असा शेरा येतो. माझ्या सलग सहा प्रगतिपुस्तकांवर तो आहे. मधल्या सुट्टीत मी स्वच्छतागृहात का बसते, हे त्या सहा वर्षांत एकाही गुणग्राहकाने विचारले नाही, आणि आज तेच लोक मला सांगतात की, आमच्या कसे लक्षात आले नाही!

“सगळ्यांनाच थोडेथोडे असते,” यावर काय बोलावे, हे मला अद्याप सुचलेले नाही.

खरे म्हणजे मी तुमच्याकडे काय मागितले होते? एक रिकामी खोली आणि वीस मिनिटे. त्याऐवजी तुम्ही मला ब्राह्मीचे तेल दिले, ओंकाराचा जप दिला, कोणाच्या तरी नणंदेच्या मुलाची हकिगत दिली, आणि ते सर्व त्या स्पीकरखाली उभे करून, ओरडून दिले. स्वमग्नता तुम्हाला समजली नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. मलाही ती समजायला एक्केचाळीस वर्षे लागली. पण कान दुखतात असे समोरचे माणूस सांगत असताना त्याचे कान दुखतच नाहीत, हे त्याला पटवून देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? तो आठ वर्षांचा बटू दोन्ही हातांनी कान झाकून बसला होता, आणि फोटो बिघडतो म्हणून तुम्ही त्याचे हात तीन वेळा खाली ओढलेत. त्याला ऑटिझम आहे, असे मी म्हणत नाही. आवाज मोठा होता, एवढेच म्हणते.