मेंदूचे प्रशिक्षण आणि व्हॉलीबॉल : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अव्वल व्हॉलीबॉलपटूंच्या मेंदूच्या प्रशिक्षणावर मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. आपले आक्षेप दोन आहेत : असे प्रशिक्षण म्हणजे कंपन्यांनी विकायला काढलेले पडद्यावरचे खेळ आहेत, आणि अव्वल खेळाडूंचा मेंदू मुळातच चपळ असल्यामुळे त्यांच्या उदाहरणावरून प्रशिक्षणाचा उपयोग सिद्ध होत नाही.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. ‘ल्युमोसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपच्या जाहिरातींतील दावे दिशाभूल करणारे असल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने केला आणि २०१६ मध्ये कंपनीने २० लाख डॉलर भरून तो वाद मिटवला. पडद्यावरचे ठिपके टिपण्याचा सराव केला, तर माणूस मुख्यतः ठिपके टिपण्यातच तरबेज होतो. तेवढ्याने त्याचा पास, म्हणजे आलेली सर्व्हिस घेऊन चेंडू सहकाऱ्याकडे देणे, सुधारेल असे मानायला मलाही आधार दिसत नाही.

दुसऱ्या आक्षेपासाठी आपण ब्राझीलच्या २०१३ मधील अभ्यासाचा दाखला दिला आहे. त्यात ८७ अव्वल व्हॉलीबॉलपटूंची तुलना ६७ बिगरखेळाडूंशी केली होती आणि काही चाचण्यांत खेळाडू अधिक वेगवान ठरले. हा वेग खेळातून आला की वेगवान मुलेच खेळात टिकली, हे अशा तुलनेवरून ठरत नाही, हे आपले म्हणणे अगदी योग्य आहे. मात्र लेखाचा भार त्या अभ्यासावर नव्हता.

तो होता नजरेच्या प्रशिक्षणावर. ताशी १२० किलोमीटर वेगाची, उडी मारून केलेली जम्प सर्व्हिस १८ मीटर लांबीचे मैदान सुमारे अर्ध्या सेकंदात पार करते, आणि साध्या दृश्य संकेताला प्रतिसाद द्यायलाच माणसाला सुमारे एक पंचमांश सेकंद लागतो. म्हणजे सर्व्हिस घेणाऱ्याने चेंडू किती लवकर नजरेत धरला आणि किती वेळ धरून ठेवला, यावर पुढचे सारे अवलंबून असते. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय पुरुष संघातील खेळाडूंची नजर नेमकी कुठे असते हे मोजले, ते त्यांना चित्रफितीवर दाखवले आणि सहा आठवडे त्यावर सराव करून घेतला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चेंडू टिपण्याची पद्धत सुधारलेली दिसली, आणि नंतरच्या सामन्यांतील पासही. खेळाडू मोजके होते आणि अभ्यास प्राथमिक स्वरूपाचा होता, त्यामुळे यावरून अंतिम निकाल देणे घाईचे होईल. पण हे खेळाडू आधीपासूनच अव्वल होते आणि तरीही त्यांच्यात बदल झाला, एवढे आपल्या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर म्हणून मला पुरेसे वाटते.

मेंदूचे प्रशिक्षण चेंडूपासून तोडले की त्याचा खेळाला होणारा उपयोग संपतो, हा माझा मुद्दा आहे आणि तो मी आग्रहाने मांडतो. आपण शाळेचा संघ घडवता, म्हणून एक सुचवतो. प्रतिस्पर्धी सेटरचे, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उचलून देणाऱ्या खेळाडूचे, मोबाईलवर चित्रण करा, चेंडू त्याच्या हाताला लागताच चित्रफीत थांबवा आणि सेट पुढे जाईल की मागे, हे प्रत्येक ब्लॉकरला, म्हणजे जाळीपाशी फटका अडवणाऱ्याला, मोठ्याने सांगायला लावा. मग चित्रफीत पुढे चालवून उत्तर दाखवा. जमू लागले की हाताच्या स्पर्शाआधीच थांबवा. सरावाच्या शेवटी दहा मिनिटे पुरतील, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागणार नाही.