नुसतं खट्

किल्ली फिरवली की गाडीतून 'गुर्रर्र' असा आवाज यायला हवा. आमच्या फियाटमधून 'खट्' येतो. एकदाच. बेल वाजवल्यावर दार न उघडता आतून नुसती कडी घट्ट करावी, तसा.

गाडी बाबांची, १९७६ सालची. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. कागदोपत्री 'पद्मिनी', पण आमच्या घरात ती फियाटच. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा आईने पेपरातला फोटो कापून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "आपली अजून आहे." हे वाक्य माझ्याकडे बघून म्हटलं होतं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी पुण्यातल्या आमच्या सहकारनगरातून सारसबागेच्या गणपतीला आणि परत, असा आमचा नेम आहे. एरवी आठवडाभर गाडी पार्किंगमध्ये काळ्या कव्हराखाली झोपलेली असते.

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला हे 'खट्' सुरू झालं.

सहकारनगरला उतार आहे, हे एक बरं. धक्का मारायला माणसंही मिळतात, फक्त आधी त्यांना निदान सांगू द्यावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरचे काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. ते गॅलरीतूनच ओरडले, "अर्थिंग!" तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी (बालरोगतज्ज्ञ आहेत) बोनेटमध्ये डोकावून 'डायनामो वीक वाटतो' असं सांगितलं. डायनामो म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. तळजाईवरून फिरून येणारे एक आजोबा थांबले, त्यांनी 'अजून किती देते?' असं विचारलं आणि उत्तर न ऐकताच पुढे गेले. माझे मेहुणे म्हणाले, "इलेक्ट्रिक घ्या." चार्ज होत नाही म्हणून जो माणूस हैराण आहे, त्याला हा सल्ला!

आई या सगळ्यात पुढच्या सीटवर बसून असायची. धक्का मारताना तिने उतरायचं नाही, असं बाबांच्या वेळेपासून ठरलेलं आहे.

पहिला उपाय म्हणजे नवी बॅटरी. कुणीही हेच करतो, कारण बॅटरीच्या दुकानात गेल्यावर बॅटरी चांगली आहे असं निदान सहसा निघत नाही. साडेचार हजार रुपये आणि एक गॅरंटी कार्ड. पुढचा रविवार रडतखडत पार पडला. त्यानंतरच्या रविवारी खट्. दुकानदाराने बॅटरी तपासली, शांतपणे टोप्या लावल्या आणि म्हणाला, "बॅटरी ओके आहे. गाडीत फॉल्ट आहे." जणू मी बॅटरी हातात घेऊन फिरत होतो.

मग नाना पेठेतले एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन. यांच्याबद्दल मात्र मी चेष्टेने बोलणार नाही. त्यांनी डायनामो खोलून झिजलेले कार्बन मला तळहातावर ठेवून दाखवले, पट्टा बदलला आणि मग कटआउटचं झाकण काढलं. गाडी थांबली की बॅटरीतला करंट उलटा डायनामोत जाऊ नये, म्हणून तिथे कॉन्टॅक्ट आपोआप सुटतो. तो चिकटून बसला, तर बॅटरी रात्रभर डायनामोलाच पोसत बसते. त्यांनी पॉइंटांवर पॉलिश पेपर फिरवला, झाकणात फुंकर मारली आणि मला अर्थशास्त्र शिकवलं. "साहेब, नव्या गाड्यांत डायनामोच्या जागी अल्टरनेटर असतो, तो हळू चालवला तरी थोडंफार कमावतो. डायनामोला पळवावं लागतं. स्वारगेटच्या सिग्नलला तुम्ही उभे, तेव्हा त्याची कमाई शून्य. वर तुमचा हेडलाइट चालू!"

मी दिवसासुद्धा हेडलाइट लावून हिंडतो, असा त्यांचा समज का झाला कळलं नाही, पण मान हलवली. पुढचा रविवार गाडी चालू. त्यापुढचा, खट्.

तेव्हा मी ठरवलं की आता मतं पुरे, मोजायचं. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत जाऊन मल्टिमीटर मागितला. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवाय?" म्हटलं, "व्होल्टेज मोजायला." तो म्हणाला, "मग! ताप थोडाच मोजणार." आणि ४०० रुपयांचा पिवळा डबा पुढे सरकवला.

डबा मात्र खरा बोलायचा. रात्रभर चार्जर लावून काढलेली बॅटरी सकाळी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. इंजिन चालू करून जरा रेस केलं, तर १४.१. म्हणजे डायनामो कमावतोय. नाना पेठ निर्दोष. मग काकांचं अर्थिंग. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला आणि बायकोला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे जवळपास शून्य दिसायला हवं होतं, दिसले ०.७. खाली वाकून पाहतो तर इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी हिरवी पडून निम्मी तुटलेली! पट्टी बदलली, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाणी आणि खायच्या सोड्याने धुतली, वर व्हॅसलीन लावलं. सेल्फ असा फिरला की बायको दचकली. काकांनी संध्याकाळपर्यंत ही बातमी तीन इमारतींत पोचवली.

दुसऱ्या रविवारी खट्. काका म्हणाले, "मग हा दुसरा फॉल्ट आहे."

ते बरोबर होते, हा त्यातला सगळ्यात त्रासदायक भाग.

आता एकच परीक्षा उरली होती. गाडी झोपलेली असताना कोण खातंय? त्यासाठी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून तिच्या मध्ये मीटर घालायचा. मी तो मध्ये घालण्याऐवजी सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावला. मीटरचा फ्यूज एवढ्या हळू आवाजात गेला की मला पाच मिनिटं वाटत होतं, गाडी काहीच खात नाही. पुन्हा तपकीर गल्ली. दुकानदाराने काही न विचारता फ्यूज दिला. तपकीर गल्लीत हे सौजन्यच म्हणायचं.

दुसऱ्या खेपेला आकडा आला ०.१७ अँपिअर. नव्या गाडीत कॉम्प्युटर, लॉक, अलार्म जागे असतात, त्यांचे ०.०५ पर्यंत चालतात. आमच्या फियाटमध्ये जागं राहण्यासारखं काही नाहीच. शून्य यायला हवा. दिवसाला ४ अँपिअर-अवर, आठवड्याला २८. बॅटरी ४०ची. सारसबागेच्या वीस मिनिटांत आम्ही भरणार फार तर ३-४. एवढ्या तुटीवर बॅटरी दुसऱ्या रविवारपर्यंत तग धरत होती, हीच तिची कमाल.

एकेक फ्यूज काढत गेलो. प्रत्येक वेळी मीटरकडे बघायचं. ०.१७. सगळे काढून झाले, तरी ०.१७. म्हणजे जो कुणी खात होता, तो फ्यूज बॉक्सच्या वाटेने येतच नव्हता. टॉर्च धरून पाहिलं, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक बारीक लाल वायर निघाली होती. चाळीच्या लग्नात रोषणाईला वापरतात तसली. कुठल्या मूर्खाने ही थेट जोडली, असं पुटपुटत मी तिच्या मागे गेलो. रबराच्या बुचातून आत, डॅशबोर्डखालून वर, आणि काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला एक सांधा. ती चिकटपट्टी मी ओळखली. गुंडाळण्याची पद्धतही ओळखली.

भाद्रपदात, हरितालिकेच्या रात्री, डॅशबोर्डवरच्या पितळी गणपतीला मी पुठ्ठ्याचं मखर केलं होतं. आत मूर्तीच्या मागे दोन वॅटचा बल्ब. तात्पुरता. विसर्जनानंतर काढायचा होता. मखर सुंदर दिसतं म्हणून राहू दिलं, बल्ब त्याच्या आत राहिला. फियाट मी रात्री चालवत नाही, दिवसाच्या उन्हात दोन वॅट माझ्या उंचीवरून दिसत नाहीत, आणि एरवी वर काळं कव्हर.

मी वर जाऊन आईला सांगितलं.

"तो दिवा ना?" आई भाजी निवडत म्हणाली. "मला माहीतच आहे. नमस्काराला वाकलं की दिसतो. रविवारी निघताना जरा मिणमिणता असतो, येताना छान लखलखतो."

दोन महिने मी ज्यासाठी नाना पेठ आणि तपकीर गल्ली पालथी घातली, ते आई पुढच्या सीटवरून दर आठवड्याला बघत होती. व्होल्टमीटरसुद्धा यापेक्षा वेगळं काही सांगत नाही.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे बोलत होतात. आणि मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलायस. नंदादीप."

त्या शब्दानंतर वायर तोडणं शक्यच नव्हतं. "इतके दिवस अखंड तेवतोय, आता विझवायचा नाही," असा निकाल लागला. मी म्हटलं, त्याच्यापायी गाडी बंद पडते. आई म्हणाली, "पण धक्का मारल्यावर दर वेळी चालू होतेच की."

शेवटी तडजोड झाली. बल्ब जाऊन एलईडी आला, ०.०२ अँपिअरचा. वायरला फ्यूज बसवला, जो मी पहिल्याच दिवशी बसवायला हवा होता. आता आठवड्याचा खर्च साडेतीनच्या आत, सारसबागेची कमाई तीन-चार. म्हणजे देव स्वतःच्या दिव्यापुरतं रविवारी स्वतः कमावून येतो.

तीन रविवार झाले. परवा किल्ली फिरवली आणि 'गुर्रर्र' झालं, तसे काका गॅलरीत आले.

"काय, अर्थिंगच होतं ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पहिला गिअर टाकला.

"हो काका. अर्थिंगच."